दुकानातील एका पाटीचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे राजे, लढाया, तह आणि किल्ले यांविषयी काही ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. परंतु आम्ही ज्या लोकांत काम करीत आलो त्यांचा इतिहास किल्ल्यांवर घडला नाही. तो कारखान्यात, हमालांच्या अड्ड्यावर आणि दुकानाच्या काउंटरमागे घडला. म्हणून आज एका पाटीचा इतिहास सांगावयाचे योजिले आहे. पाटी आपल्या ओळखीची आहे : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ती भिंतीवर असते, पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत असते, आणि जेथे कोठेच लिहिलेली नसते तेथे दुकानातील नोकराच्या चेहऱ्यावर असते.

सदरा घरी नेला, काखेत उसवला. लुगडे एका पाण्यात विटले. मुलाचा परकर आखूड पडला. मग ते कागदात गुंडाळून मनुष्य पुन्हा दुकानाची पायरी चढतो. काल ज्याने ‘या, बसा’ म्हटले तो आज पुडके पाहूनच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. ज्याचे पैसे गेले तोच ओशाळा होतो, आणि ज्याने माल विकला तो नोकरही नजर चुकवितो. दोघेही ओशाळे आणि तिसरा, गल्ल्यावर बसलेला, मात्र शांत, असे हे चित्र आहे. हा ओशाळेपणा माणसाच्या स्वभावातून आला नाही, तो व्यवहाराच्या रचनेतून आला, असे आमचे म्हणणे आहे. ते पटविण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

स्मृतिकारांचा हिशेब

पुष्कळांना वाटते की माल परत करणे ही नवी, विलायती चाल आहे. वस्तुस्थिती उलट आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात व्यवहाराची म्हणजे दाव्यांची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ नावाचे एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. विकत घेतल्यावर किंवा विकल्यावर ज्याला पस्तावा झाला त्याने काय करावे, याचा हा विचार आहे. मनुस्मृतीने अशा पस्तावलेल्या माणसाला दहा दिवसांची मुदत दिली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही मुदत धंद्याप्रमाणे बदलते : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. ज्याचा व्यवहार रोजचा त्याला थोडा वेळ, ज्याचा क्वचित त्याला अधिक, असा त्यातील विचार दिसतो.

सर्वांत बारकाईने हा विषय नारदस्मृतीने हाताळला आहे. घेतलेली वस्तू पसंत नसेल तर त्याच दिवशी, जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यापुढे ती घेणाऱ्याचीच. शिवाय कोणत्या मालाची परीक्षा किती दिवसांत करावी याची यादी आहे. दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा, आणि लोखंड व कापड यांना एक दिवस. वापरून मळलेले, जीर्ण झालेले वस्त्र मात्र सदोष असले तरी विकणाऱ्याकडे परत जात नाही, हेही तेथेच सांगितले आहे. एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत आठव्या भागाने उतरते, असा हिशेब देखील मांडला आहे. आजही काउंटरवर ‘धुतलाय का?’ हा पहिला प्रश्न असतो. त्याचे वय किती आहे ते यावरून समजावे.

हे ग्रंथ विद्वानांनी लिहिले. पेठेत तसेच घडत होते असे त्यांवरून सिद्ध होत नाही. परंतु एवढे ठरते की घेणाऱ्याला पुनर्विचाराचा हक्क आहे आणि त्या हक्काला मुदत व किंमत आहे, हा विचार आपल्या भूमीत जुना आहे.

त्याच यादीत आणखी एक ओळ आहे, ती आम्हांला कामगार म्हणून विसरता येत नाही. पुरुष विकत घेतला तर त्याची परीक्षा अर्ध्या महिन्यात करावी आणि स्त्री घेतली तर एका महिन्यात, असे तेथे लिहिले आहे. गाय, रत्न, बियाणे, कापड आणि त्यांच्या पंक्तीत माणूस. माल परत करण्याचा हक्क ज्यांनी इतका नाजूकपणे तोलला, त्यांनी माणसालाही मालच धरले होते. घेणाऱ्याचा हक्क आणि राबणाऱ्याची स्थिती या दोन गोष्टी एकाच पानावर वाचाव्या लागतात.

गादी, थान आणि जांगड

आता स्मृती सोडून पेठेत येऊ. आमच्या नाशकात गोदाकाठच्या जुन्या वस्तीत सराफ बाजार, भांडी बाजार आणि कापडपेठ ही जवळजवळ नांदणारी भावंडे. जुन्या चालीच्या कापड दुकानात काउंटर नसे. पांढरी बैठक, लोड, मागे फडताळात थाने, एका बाजूला पेटी सांभाळणारा शेट आणि समोर थान उलगडणारा गुमास्ता. भाव लिहिलेला नसे, घासाघीस होई. कापड वारावर मोजून फाडले जाई. फाडलेला तुकडा पुन्हा थानाला जोडता येत नाही, म्हणून ‘फाडले की तुमचे’ हा नियम कोणी पाटीवर लिहिला नव्हता तरी सर्वांस ठाऊक होता. लुगड्याचे तसेच. घडी मोडली, म्हणजे ते अंगाला लागले, की ते परत जात नसे. ‘घडी मोडणे’ हा आपल्या बायकांच्या तोंडचा शब्द. त्यात कायद्याचे एक कलमच सामावले आहे.

परंतु या कडक नियमाला एक मऊ बाजू होती, तिचे नाव जांगड. पसंतीसाठी माल घरी न्यावा, ठेवावयाचा तो ठेवावा, नको तो परत करावा, आणि ठेवलेल्याचेच पैसे द्यावेत, ही जांगडीची चाल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘जाकड’ या शब्दाखाली हाच अर्थ दिला आहे, आणि अशा मालाच्या वेगळ्या वहीचाही उल्लेख आहे. लग्नाचा बस्ता असला की लुगड्यांचे गाठोडे वाड्यावर जाई. घरच्या बायका निवांत पाहत, दोनचार ठेवीत, उरलेली परत. येवल्याची पैठणी घेणे तर वर्षावर्षांच्या बचतीचा प्रश्न. ती उजेडात उलगडून, पदर उलटून पाहिल्याशिवाय कोण घेणार? जांगडीत परत करणाऱ्याला ओशाळे होण्याचे कारणच नव्हते, कारण परत येणे हे त्या व्यवहारात गृहीतच होते.

ही जांगड कायद्यालाही मान्य झाली. १९३०च्या माल विक्री कायद्याच्या चोविसाव्या कलमात पसंतीवर दिलेल्या मालाचा विचार आहे : घेणाऱ्याने पसंती कळविली, किंवा ठरलेल्या अथवा वाजवी मुदतीत नापसंती न कळविता माल ठेवून घेतला, की तो त्याचा झाला. सराफीत आणि हिऱ्यांच्या व्यापारात जांगड हा शब्द आजही चालतो.

तथापि जांगड सर्वांसाठी नव्हती. ती पत असलेल्यांसाठी होती. वाडा, जमीन, नोकरी, ओळख यांपैकी काही असेल त्याला जांगड. बाकीच्यांना रोख आणि ‘फाडले की तुमचे’. क्षेत्राच्या गावी तर यात्रेकरूंचा मोठा भरणा. आज घेतले आणि उद्या गाडीत बसला, त्याने परत काय करावयाचे? आणि ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांना दुकानाच्या पायरीवरच मज्जाव. कापड लांबून पाहावे, पैसे लांबून ठेवावे. ज्याला हात लावून पोत पाहता येत नाही, तो दोष काय दाखविणार आणि परत काय करणार? याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो देवळाच्या दारापुरता नव्हता. पुढे भारताच्या संविधानाने पंधराव्या कलमात धर्म, जात, लिंग आदी कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले, आणि १९५५च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा ठरविला. संविधानात दुकान हा शब्द यावा लागला, याचा अर्थ दुकानाची पायरी ही किती उंच होती हे आपण ओळखावे.

‘पाहून घ्या’

वर सांगितलेला १९३०चा कायदा इंग्रजी कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. त्याचे मूळ तत्त्व : घेणाऱ्याने सावध असावे. माल उपयोगी पडेल की नाही याची जबाबदारी साधारणपणे विकणाऱ्यावर नाही. त्याला अपवाद आहेत. आपण कशासाठी घेतो हे सांगून दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबलो, तर माल त्या कामास योग्य असला पाहिजे. नमुना दाखवून विकला तर माल नमुन्याबरहुकूम पाहिजे. परंतु माल आपण तपासून घेतला असेल, तर तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषाबद्दल तक्रार चालत नाही. शिवाय माल एकदा स्वीकारला की सामान्यतः नुकसानभरपाई मागावयाची, माल परत करावयाचा नाही. आता एका धोतरजोडीसाठी दिवाणी कोर्टात कोण जाईल? कायद्यात हक्क होता. तो मिळविण्याचा खर्च हक्काच्या किमतीहून मोठा होता. म्हणून पाटी निर्वेधपणे भिंतीवर राहिली.

दुसऱ्या महायुद्धाने गिऱ्हाइकाला आणखी खाली आणले. कापड टंचाई झाली, काळा बाजार वाढला, १९४३ साली सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण हुकूम काढला आणि कापडावर किंमत छापण्याची सक्ती केली. छापील किमतीची सवय आपल्याला लागली ती अशा आणीबाणीतून. कंट्रोलच्या कापडासाठी रांगा लागत. जे मिळाले ते पदरात घ्यावे, परत करण्याची भाषा कोण बोलतो? टंचाई संपली तरी त्या काळचा दुकानदाराचा आवाज पुष्कळ वर्षे उरला. विकत घेणे म्हणजे उपकार घेणे, ही भावना रांगेने आपल्या हाडीमांसी रुजविली.

पॅरिसचे दुकान

याच्या उलट प्रयोग युरोपात झाला. पॅरिसमध्ये ‘बाँ मार्शे’ नावाचे कापडाचे दुकान होते. १८५२ साली आरिस्तीद बुसिको त्याचा भागीदार झाला आणि त्याने तीन गोष्टी रूढ केल्या : वस्तूवर एकच ठरलेला भाव, न घेताही आत फिरण्याची मोकळीक, आणि पसंत न पडलेला माल परत घेण्याचे आश्वासन. हे धर्मकार्य नव्हते. परत करता येते म्हणून लोक निर्धास्तपणे अधिक घेतात, हे त्याने हेरले. परत येणाऱ्या थोड्या मालाचा तोटा विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मालाने भरून निघतो.

हा हिशेब शेटाचा. नोकराचा हिशेब निराळा होता. त्याला विकलेल्या मालावर दलाली मिळे. म्हणजे परत आलेला माल ही त्याच्या दृष्टीने गेलेली दलाली. दिवस मोठा, रविवारची सुटी नाही. १८६९ साली पॅरिसच्या कापड दुकानांतील नोकरांनी तास कमी व्हावेत आणि रविवार मिळावा म्हणून संप केला, तो फसला. एमिल झोलाने १८८३ साली अशाच एका अवाढव्य दुकानावर कादंबरी लिहिली. इंग्लंडात एच. जी. वेल्स हा लेखक लहानपणी कापड दुकानात उमेदवार होता, आणि त्या जिण्याचा तिटकारा त्याने जन्मभर बाळगला. तेथे विक्रेत्या स्त्रियांना बसावयास जागा द्यावी एवढ्यासाठी १८९९ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. गिऱ्हाइकाला खुर्ची आधी मिळाली. विकणाऱ्या बाईला ती कायद्याने मिळवावी लागली.

गुमास्ता

आमच्याकडे दुकानी नोकरांसाठी पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९३९ साली झाला, आणि देशातही तो अशा प्रकारचा पहिला होता. त्याच्या जागी १९४८चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आला. लोक त्याला ‘गुमास्ता कायदा’ म्हणतात. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आठवड्यातून एक दिवस दुकान बंद, अशी त्याची चौकट होती. नोकर एक असला तरी तो कायद्याच्या छायेत येई. २०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने त्याच्या बहुतेक कलमांतून बाहेर पडली. पेठेतील कापड दुकानात दहा नोकर किती ठिकाणी असतात, हे आपण मेनरोडवरून एक चक्कर मारून मोजावे.

आता पाटीकडे परत येऊ. दुकानी नोकरांच्या सभा घेताना आम्ही त्यांना नेहमी एक प्रश्न विचारतो : परत आलेल्या कपड्याचे पैसे कोण भरतो? पहिल्यांदा कोणी बोलत नाही. मग एखादा मुलगा सांगतो की सदरा परत घेतला, त्यावर डाग निघाला, महिन्याच्या शेवटी तेवढी रक्कम पगारातून गेली. दुसरी बाई सांगते, ‘मी गिऱ्हाइकाला बदलून दिलं, शेट म्हणाले, तुझ्या घरचं दुकान आहे का?’ मग बाकीचे बोलू लागतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती तीन अधिकार नाहीत : पैसे परत देण्याचा, माल बदलून देण्याचा, आणि ‘हा नियम मी केलेला नाही’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याचा. गिऱ्हाइकाचा राग झेलणे एवढेच काम त्यांच्याकडे असते. आपण ज्याला उद्धटपणा म्हणतो तो पुष्कळ वेळा पगार वाचविण्याची धडपड असते.

या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने पगारातून मनमानी कपात करण्यास बंदी घातली. खास सोपविलेल्या मालाचे नुकसान नोकराच्या हयगयीने झाले असेल तरच कपात, तीही नुकसानीपेक्षा अधिक नाही, आणि नोकराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून नाही. २०१९च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. गिरणीत उसवलेली शिवण किंवा कच्चा रंग ही काउंटरवरच्या मुलीची हयगय कशी होईल? परंतु हा प्रश्न विचारावयास संघटना लागते, आणि चार नोकरांच्या दुकानात संघटना बांधणे हे चार हजारांच्या कारखान्याहून अवघड काम आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

केरळात त्रिशूरच्या एका कापड दुकानातील स्त्रिया २०१४च्या अखेरीस बसण्याच्या हक्कासाठी संपावर गेल्या. २०१८ साली केरळाने आणि २०२१ साली तामिळनाडूने दुकानी नोकरांना बसावयास जागा देणे कायद्याने बंधनकारक केले. लंडनहून ही खुर्ची आपल्याकडे येण्यास सव्वाशे वर्षे लागली.

ग्राहक जागा होतो

गिऱ्हाइकाची चळवळही याच काळात उभी राहिली. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, चोख माल व चोख माप यासाठी स्वतःचे सहकारी दुकान काढले. कापड विणणारा आणि माल घेणारा हा एकच माणूस आहे, हे ज्यांना उमगले ते हे लोक. आपल्याकडे १९६६ साली मुंबईत स्त्रियांनी पुढाकार घेऊन ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापिली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि धोतरजोडीसाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढण्याची गरज उरली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वेगळे मंच झाले. १९९९ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राज्यांना कळविले की पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापणे ही अनुचित प्रथा आहे.

२०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. सदोष माल परत घेऊन पैसे देण्याचे, पावतीत लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, नाकारणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पावती न देणे हीही तशीच प्रथा. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. हा हक्क सदोष मालापुरता आहे. रंग घरी गेल्यावर आवडला नाही, नणंदेने नाक मुरडले, दुसरीकडे स्वस्त दिसले, यासाठी कायदा दुकानदाराला बांधत नाही. तेथे दुकानाने स्वतः जे कबूल केले असेल तेवढेच. नारदाने मात्र पस्तावलेल्यालाही तीन दिवस दिले होते!

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाटी उतरली आहे. भिंतीवरून ती अजून पुरती उतरलेली नाही, आणि नोकराच्या चेहऱ्यावरून तर नाहीच. कारण एक कायदा गिऱ्हाइकाला हक्क देतो, दुसरा नोकराला; पण दोघे काउंटरच्या दोन बाजूंना उभे असतात आणि एकमेकांना शत्रू समजतात. गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस सातपूर-अंबडच्या कारखान्यात कोणाचा तरी नोकर असतो. काउंटरमागचा मुलगा सुटीच्या दिवशी दुसऱ्या दुकानात गिऱ्हाईक असतो.

म्हणून आपणांस तीन गोष्टी सुचवितो. पहिली : पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. दुसरी : सदोष माल परत नेताना नोकराशी आवाज चढवू नये, ‘अधिकार कोणाचा, त्यांना बोलवा’ असे शांतपणे म्हणावे आणि गल्ल्याशी बोलावे. तिसरी दुकानदार बंधूंसाठी : परतीचा नियम स्पष्ट अक्षरांत लावा, बदलून देण्याचा अधिकार ज्याच्या हाती कापड आहे त्याच्या हाती द्या, आणि परत आलेल्या मालाचा तोटा माल बनविणाऱ्याकडून वसूल करा, नोकराच्या पगारातून नव्हे. जांगडवही सांभाळणाऱ्या पेठेला हे जमण्यासारखे आहे. फरक इतकाच की तेव्हा विश्वास वाड्यावर टाकला जात होता. आता तो रोखीने घेणाऱ्या साध्या गिऱ्हाइकावर आणि आपल्याच नोकरावर टाकावयाचा आहे.